ब्रेक का धरत नाही?

१३ जून १९५३ रोजी दुपारी फ्रान्समधील ल माँ या गावाजवळ मोटारींची चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती संपली, तेव्हा टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन हे दोघे आळीपाळीने चालवीत असलेली जग्वार 'सी-टाइप' ही मोटार पहिली आली होती. चोवीस तासांत तिने चार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापले होते. सरासरी वेग होता ताशी सुमारे १७० किलोमीटर. या शर्यतीत सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ. जग्वारच्या आणखी दोन मोटारी दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर आल्या.

या यशात इंजिनाइतकाच ब्रेकचाही वाटा होता. बहुतेक प्रतिस्पर्धी मोटारींना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. जग्वारच्या तिन्ही मोटारींना चकतीचे, म्हणजे डिस्क ब्रेक होते. आज आपल्या मोटारसायकलींवरही दिसणारी ही चकती तेव्हा नवीन होती आणि तिच्यावर सर्वांचा विश्वास नव्हता. तिच्या मागे 'ब्रेक का धरत नाही?' या साध्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. हा इतिहास शिक्षकांना उपयोगी पडावा असा आहे, कारण घर्षण, उष्णता, प्रसरण, उत्कलन आणि पास्कलचा नियम हे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले विषय इथे एकाच पेडलाखाली येतात.

वेग जातो कुठे?

ल माँच्या रस्त्यावर तेव्हा सुमारे सहा किलोमीटरांचा एक सरळ पट्टा होता आणि त्याच्या शेवटी एकदम उजवीकडे वळण. समजा, १००० किलो वजनाची मोटार ताशी २४० किलोमीटर वेगाने या वळणाशी आली आणि तिथे तिला वेग ताशी ६० किलोमीटरवर आणायचा आहे. २४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ६६.७ मीटर. गतिज ऊर्जेचे सूत्र वापरले, तर ही ऊर्जा २२ लाख जूल भरते. ६० किलोमीटर वेगाला ती १ लाख ४० हजार जूल उरते. म्हणजे काही सेकंदांत सुमारे २१ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी हवेच्या अडथळ्यात जाते. बाकी जवळजवळ सर्व ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जमा होते.

२१ लाख जूल म्हणजे किती? एवढ्या उष्णतेत ३० अंश सेल्सिअसचे सात लिटर पाणी उकळीला येईल. विजेत्या मोटारीने त्या शर्यतीत तीनशेहून अधिक फेऱ्या मारल्या. म्हणजे या एकाच वळणावरच्या उष्णतेत दोन हजार लिटरांहून अधिक पाणी तापले असते. ब्रेक हे गाडी 'धरून ठेवणारे' साधन आहे असे आपण म्हणतो. भौतिकीच्या दृष्टीने ते गतीची उष्णता करणारे आणि ती हवेत सोडून देणारे यंत्र आहे. ब्रेकच्या बहुतेक तक्रारींचे मूळ यातल्या दुसऱ्या कामात सापडते: उष्णता निर्माण झाली, पण वेळेवर बाहेर गेली नाही.

जुन्या बुटापासून ड्रमपर्यंत

घोडागाडीच्या काळी ब्रेक म्हणजे चाकाच्या धावेवर दाबायचा लाकडी ठोकळा. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील डोंगराळ रस्त्यांवर गाडीवान या ठोकळ्याला जुन्या बुटाचे तळ ठोकीत. हे पाहून हर्बर्ट फ्रूड यांना घर्षणासाठी मुद्दाम वेगळा पदार्थ तयार करण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. १८९७ मध्ये त्यांनी सुरू केलेला उद्योग पुढे 'फेरोडो' या नावाने ब्रेकच्या लायनरसाठी प्रसिद्ध झाला.

१९०२ मध्ये दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेकची रचना पुढे आणली, आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. लँचेस्टर यांची कल्पना काळाच्या पुढची होती, परंतु चकतीला चिमटणारे तुकडे तांब्याचे होते. धुळीच्या रस्त्यावर ते लवकर झिजत आणि कर्कश आवाज करीत. कल्पना बरोबर, पण तिला लागणारा पदार्थ हाताशी नाही, असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. पुढची पन्नास वर्षे मोटारींवर ड्रमचेच राज्य राहिले.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात, त्यांवर लायनर चिकटवलेले असते, आणि पेडल दाबले की शू फाकून भांड्याच्या आतील भिंतीवर घासतात. शूकडे जोर पोचवण्यासाठी सुरुवातीला सळ्या आणि तारा होत्या. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम इथे कामी आला.

ड्रमची आणखी एक खुबी होती. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि त्यामुळे तो शू अधिकच घट्ट दाबला जातो. चालकाचा पाय थोडा जोर लावतो, उरलेला जोर गाडीचीच गती पुरवते. ड्रमचे हेच बळ पुढे त्याचे दुखणे ठरले.

फेड: तापले की सुटते

१९४८ मध्ये जग्वारने 'एक्सके १२०' ही स्पोर्ट्स मोटार आणली. नावातला १२० हा आकडा ताशी मैलांचा, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर वेगाचा. मोटार देखणी होती, इंजिन उत्तम होते, पण वेगात पुन्हा पुन्हा ब्रेक मारले की ते धरेनासे होत. याला 'फेड' म्हणतात. पेडल घट्ट लागते, पाय पूर्ण जोर लावतो, आणि गाडी मात्र हळू होत नाही. गाडी थंड झाल्यावर तपासावी, तर ब्रेक ठणठणीत!

थंड गाडीत न सापडणारा हा दोष उष्णतेत शोधावा लागतो, आणि तिथे एकाच वेळी तीन गोष्टी घडताना दिसतात. पहिली, लायनरमधील बांधून ठेवणारे रेझिन तापून विघटित होऊ लागते, आणि लायनरचे घर्षण घटते. दुसरी, ड्रमची ती खुबी उलटते. गाडीची गती जो जोर पुरवत होती तो घर्षणावरच अवलंबून होता. त्यामुळे घर्षण थोडे कमी झाले की ब्रेकचा जोर त्याहून पुष्कळ जास्त कमी होतो. तिसरी गोष्ट साध्या प्रसरणाची. ३० सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी ड्रम ३०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे एक मिलिमीटरने वाढतो. ड्रम शूपासून दूर पळतो, आणि पेडल अधिक खाली जाते.

त्यातच एक्सके १२० च्या पत्र्याच्या भरीव चाकांनी ड्रम झाकलेला असे. मागची चाके तर बॉडीच्या पत्र्यानेही झाकलेली होती. आकार सुंदर, पण वारा लागायला वाव नाही. पुढे तारांच्या आऱ्यांची चाके बसवल्यावर ब्रेकला थोडी हवा मिळाली. उपाय उपयोगी होता, पण मूळ रचना तीच राहिली. उष्णता भांड्याच्या आत निर्माण होत होती आणि बाहेर जायला तिला भांड्याची भिंत ओलांडावी लागत होती.

विमानाकडून उसने

डनलॉप कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांसाठी डिस्क ब्रेक तयार केले होते. जग्वार आणि डनलॉप यांनी मिळून ते मोटारीत बसवायचे ठरवले. चकती उघडी असते, तिच्या दोन्ही बाजूंना वारा लागतो. ती तापून थोडी जाड झाली, तर पॅडच्या दिशेनेच सरकते, पॅडपासून दूर जात नाही. आणि ड्रमसारखे स्वतःला ओढून घेणे तिच्यात नसल्यामुळे घर्षण जेवढे कमी होईल, तेवढाच ब्रेकचा जोर कमी होतो. अर्थात या शेवटच्या गुणाची किंमतही होती. पायाने अधिक जोर लावावा लागे. म्हणून दाब वाढवणाऱ्या सर्वो यंत्रणेची गरज पडली.

पण विमानाचा ब्रेक जसाच्या तसा मोटारीला चालेना. विमान एकदा उतरते, एकदा जोरात ब्रेक लावते आणि मग ब्रेकला थंड व्हायला भरपूर वेळ मिळतो. शर्यतीतल्या मोटारीला दर मिनिटाला ब्रेक लावावा लागतो. त्यामुळे दोन नवे दोष पुढे आले. १९५२ मध्ये जग्वारमध्ये दाखल झालेले चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांनी या ब्रेकच्या चाचण्यांत मोठा वाटा उचलला.

पहिला दोष ब्रेक ऑइल उकळण्याचा. ड्रममध्ये द्रवाचा सिलिंडर घासणाऱ्या पृष्ठभागापासून थोडा दूर असतो. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन थेट पॅडच्या पाठीवर टेकतो, आणि त्याच्या मागे लगेच द्रव. उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये आणि तिथून द्रवात जाते. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही. वाफ दाबली जाते. पाय बुडबुडे दाबण्यात खर्ची पडतो, पेडल खालपर्यंत जाते आणि ब्रेकपर्यंत काहीच पोचत नाही.

दुसरा दोष अधिक चकवणारा. खडबडीत रस्त्यावर किंवा जोराच्या वळणावर चाकाचा आस किंचित लवतो, चकती डुलते आणि पॅडना मागे ढकलते. आता हिशेब पाहा. ५ सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन फक्त अर्धा मिलिमीटर मागे गेला, तर साधारण १ घन सेंटिमीटर द्रव मागे सरकतो. असे दोन पिस्टन सरकले, तर २ घन सेंटिमीटर. २ सेंटिमीटर व्यासाच्या मास्टर सिलिंडरला तेवढा द्रव परत पाठवायला सुमारे सव्वासहा मिलिमीटर जास्त सरकावे लागते. आणि पेडलाची तरफ एकास पाच असेल, तर पायाखाली पेडल तीन सेंटिमीटरांहून जास्त खाली जाते. चकतीजवळचा अर्धा मिलिमीटर चालकाच्या काळजात धस्स करतो. दुसऱ्यांदा पेडल दाबले की मात्र ब्रेक नेहमीसारखा!

मे १९५२ मध्ये इटलीतील 'मिले मिलिया' या हजार मैलांच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस यांनी ड्यूइस यांना शेजारी बसवून डिस्क ब्रेकची सी-टाइप चालवली. स्टिअरिंग बिघडल्यामुळे त्यांना शर्यत सोडावी लागली, पण ब्रेकबद्दल पुष्कळ शिकता आले. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस फ्रान्समधील रीम्स येथे मॉस यांनी या मोटारीतून शर्यत जिंकली. त्यानंतर आली १९५३ ची ल माँ. मात्र एका विजयाने प्रश्न संपला नाही. १९५४ मध्ये तिथेच मॉस यांच्या जग्वारला ब्रेकच्याच बिघाडामुळे शर्यत सोडावी लागली, आणि ड्रम ब्रेकची फेरारी पहिली आली.

ब्रेक एकट्याचा नसतो

११ जून १९५५ रोजी ल माँ येथे मोटार शर्यतींच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात झाला. डिस्क ब्रेकची जग्वार चालवणारे माइक हॉथॉर्न यांनी लान्स मॅकलिन यांच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकले आणि थांब्यासाठी ब्रेक लावला. मॅकलिन यांनी धडक टाळण्यासाठी मोटार डावीकडे घेतली. मागून अतिशय वेगाने येणारी पिएर लव्हेग यांची मर्सिडीज तिच्यावर आदळून उसळली आणि प्रेक्षकांजवळच्या बांधावर आपटली. तिचे जळते भाग गर्दीत शिरले. लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्या मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते आणि त्यांच्या मदतीला मागच्या बाजूला वर उचलला जाणारा पत्र्याचा वायुरोधक होता.

दोष कोणाचा, यावर पुढे खूप वाद झाला. चौकशीत कोणत्याही चालकावर ठपका ठेवला गेला नाही. पुढच्या रांगेतील थांबे, अरुंद रस्ता आणि अगदी जवळ बसलेले प्रेक्षक अशी अनेक कारणे त्यात होती. एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. थांबण्याचे अंतर फक्त आपल्या ब्रेकवर ठरत नाही. आपण झटकन थांबू शकलो, तरी मागच्याला तेवढ्याच अंतरात थांबता येईल असे नाही.

लक्षणावरून निदान

१९५५ मध्ये सिट्रोएन 'डीएस'ला आणि १९५६ मध्ये ट्रायम्फ 'टीआर ३'ला पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक आले. १९५७ च्या जग्वार 'एक्सके १५०'ला ते चारही चाकांना मिळाले, आणि १९६१ च्या प्रसिद्ध 'ई-टाइप'लाही. यांतील बऱ्याच मोटारी हौशी मंडळींनी आजही चालत्या ठेवल्या आहेत. त्यांची दुरुस्ती करणारा कुशल कारागीर भाग बदलायला लगेच हात घालत नाही. आधी विचारतो: पेडल कसे लागते? गाडी गरम असताना की थंड असताना? पहिल्यांदा दाबल्यावर की दुसऱ्यांदा?

पेडल घट्ट, पण गाडी थांबत नाही, आणि गरम असतानाच असे होते: लायनर फेड. थंड असतानाही तसेच: सर्वो बंद पडला असेल, किंवा लायनर गुळगुळीत झाले असेल. पेडल मऊ लागते आणि भराभर दोन-चारदा दाबले की घट्ट होते: नळ्यांत हवा शिरली आहे. पेडल पहिल्यांदा खोल जाते, दुसऱ्यांदा ठीक: चकती डुलते आहे किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आहे. पाय स्थिर ठेवला असताना पेडल सावकाश खाली सरकते: बाहेर गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबर आतल्या आत गळते आहे. गाडी एका बाजूला ओढते: एखादा पिस्टन अडकला आहे किंवा एका पॅडवर तेल आले आहे. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही: जुनी रबरी नळी आतून फुगून बंद झाली असेल, दाबाने द्रव आत जातो, पण परत येत नाही.

ई-टाइपच्या मागच्या चकत्या चाकाजवळ नसून मधल्या डिफरन्शियलला लागून आहेत. चाकाबरोबर वरखाली उडणारे वजन कमी व्हावे, हा त्यामागचा चांगला हेतू. पण चकत्यांची उष्णता शेजारच्या तेलाच्या सिलना लागते, सिल कडक होऊन तेल गळते आणि ते नेमके चकतीवर पडते. शिवाय ही जागा अडचणीची असल्याने तपासणी टाळली जाते. म्हणून या मोटारीत मागचे ब्रेक कमी धरत असतील, तर पॅड बदलण्याआधी तेल कुठून आले ते शोधावे लागते. नाहीतर नवे पॅडही थोड्याच दिवसांत तेलकट होतात.

एक कोडे वर्गात घालण्याजोगे आहे. घाट उतरून चालक चहाला दहा मिनिटे थांबला. उतरताना ब्रेक चांगले होते. चहा पिऊन निघाला तो पेडल तळाला! असे का व्हावे? गाडी चालू असताना वारा चकतीला थंड करीत होता. ती थांबल्यावर वारा बंद झाला, आणि चकतीतली साठलेली उष्णता पिस्टनमधून द्रवात शिरली. द्रव जुना असेल, तर ती त्याला उकळायला पुरते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डोळ्यांना दिसायला द्रव तोच आणि तेवढाच असतो. म्हणून पातळी पाहून समाधान मानू नये, ठरावीक काळाने ऑइल बदलावे.

जुन्या मोटारींबाबत आणखी एक धोका सांगितलाच पाहिजे. उष्णतेला टिकणारे लायनर म्हणून अनेक दशके ऍस्बेस्टॉस वापरले गेले. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये त्याच्या वापरावर पूर्ण बंदी आली. पण जुन्या ड्रममधील धूळ आजही तशीच असू शकते. ती तोंडाने किंवा हवेच्या झोताने कधीही उडवू नये. ओली करून, योग्य मुखवटा लावूनच काढावी. ब्रेकमुळे धोका फक्त रस्त्यावरच्या माणसाला होतो असे नाही, तो दुरुस्त करणाऱ्यालाही होतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

सुई नसलेल्या दोन सिरिंज सलाइनच्या नळीने जोडा. आधी पूर्ण पाणी भरून एक दट्ट्या दाबा. दुसरा लगेच हलतो. मग मध्ये दोन-तीन मिलिलिटर हवा राहू द्या आणि दुसरा दट्ट्या बोटाने धरून ठेवा. पहिला दट्ट्या मऊ लागतो, आत जातो, पण दुसऱ्याला पुरेसा जोर पोचत नाही. 'पेडल मऊ लागते' याचा अर्थ मुलांच्या बोटांना कळतो. वेगळ्या आकाराच्या सिरिंज घेतल्या, तर अर्ध्या मिलिमीटरचे तीन सेंटिमीटर कसे होतात तेही दिसेल.

शेवटी एक हिशेब आपल्या ओळखीच्या रस्त्याचा. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटरांहून अधिक खाली येते. १००० किलोच्या मोटारीची स्थितिज ऊर्जा यात सुमारे ५० लाख जूलांनी कमी होते. ल माँच्या त्या वळणावर एका वेळी ब्रेकला सोसावी लागे त्याच्या दुपटीहून ही अधिक. वेळ जास्त मिळतो एवढाच फरक. भरलेल्या ट्रकसाठी हा आकडा वीसपट होऊ शकतो. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, तर यातला मोठा वाटा इंजिन उचलते आणि ब्रेक थंड राहतात. घाटातल्या 'गिअरमध्ये उतरा' या पाटीचा अर्थ मुलांना या हिशेबातून उलगडून दाखवता येईल.